मालगाडी आली की ओरडायचं

सिस्टरबाईंनी मला कधी नावानं हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी ‘भांडगाव’ होते. सतरंजीवर माझ्या शेजारी बसायची ती ‘पाटस’, भिंतीला टेकून सारखी पेंगायची ती ‘केडगाव’ आणि जुळं होणार म्हणून सगळ्यांत मोठं पोट घेऊन यायची ती ‘कुरकुंभ’. “ए भांडगाव, पाय पसर. ए पाटस, तोंडातलं आधी गिळ, मग श्वास घे.” असा सगळा कारभार. एकदा धीर करून मी म्हटलं, “सिस्टर, मला नाव आहे की हो.” तर म्हणाल्या, “असेल ना! रेल्वेच्या दवाखान्यात उभा जन्म गेला माझा. बाई आली, मोकळी झाली, गेली. नावं कुठं लक्षात ठेवू? स्टेशन मात्र विसरत नाही मी.”

दौंडला रेल्वेच्या क्वार्टर्स संपतात तिथं लाईनीच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. भिंतीवर येशूचं कॅलेंडर, कोपऱ्यात स्टोव्ह, मधे ही मोठी सतरंजी. बाई उंच, काटकुळ्या. अंगावर पांढरं पातळ, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, छातीवर उलटं टाचलेलं नर्सचं घड्याळ. नवरा मालगाडीवर गार्ड होता, तो वारला. त्याची शिट्टी आणि दोन झेंड्या मात्र बाईंनी वापरात ठेवल्या होत्या. दर बुधवारी ठरल्या वेळी शिट्टी वाजायची आणि दार बंद. मागाहून आलेलीला आतून एकच उत्तर मिळायचं, “गाडी गेली!”

आता आठ महिन्यांची बाई एसटीतून धक्के खात येणार, तिला उशीर व्हायचाच. माझंही एकदा झालं. बरोबरची आई बंद दारापुढं उंबऱ्यावरच बसली. मी बाहेर रडवेली होऊन उभी राहिले तर खिडकीशी एक स्टूल मांडलेलं दिसलं. बसले. आतलं सगळं शब्दन् शब्द ऐकू येत होतं, आणि त्या दिवशी बाई नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होत्या. थोड्या वेळानं खिडकीतून एक हात आला आणि माझ्यापुढं चहाचा कप ठेवून गेला. वर मान करून बघितलं तर बाईंचा चेहरा असा कोरा, जशी काही मी तिथं नाहीच.

बाळंतपणाचा क्लास! हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा निघाला तो निमोण्याला, माझ्या सासरी. आमचे हे कारखान्यात होते, तिथं कुणाची तरी बायको पुण्याला असल्या क्लासला जाऊन आली होती. यांनी जेवताना सहज विषय काढला. सासूबाई भाकरी थापता थापता अशा हसल्या की परातीतलं पीठ उडालं. “शिवणाचा क्लास ऐकला व्हता, टायपिंगचा ऐकला व्हता. बाळंत व्हायचा बी क्लास? आपली म्हस कुठल्या क्लासला गेली व्हती रं?” मी पण हसले, कारण हसायचंच होतं. पण रात्रभर तेच डोक्यात. कारण खरं सांगायचं तर मला भयंकर भीती वाटत होती.

भीतीला कारण होतं. माझी थोरली बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणाला भांडगावला आमच्या घरी आली होती. मी तेव्हा नववीत. मला शेजारी पाठवून दिलं होतं. दिवसभर मी कान लावून बसले, पण घरातून कसलाही आवाज आला नाही. संध्याकाळी शेजारीण मला जवळ घेऊन रडायला लागली तेव्हा कळलं. बाळ झालं, पण तेही राहिलं नाही. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, “काय गुणाची पोर, मरंस्तोवर तोंडातनं शब्द काढला न्हाई.” त्यानंतर आमच्या घरात आक्काचं नाव निघणं बंद झालं. आई तर बाळंतपण हा शब्दसुद्धा तोंडात घेत नसे.

आता माझी पाळी. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर रिवाजच. सातव्यात डोहाळजेवण झालं आणि मी त्याच घरी, त्याच आईकडं आले. आणि आमच्याकडं आणखी एक पद्धत आहे. पहिलटकरणीपुढं बाळंतपणाचं बोलत नाहीत. ओट्यावर बायका छान रंगात येऊन बोलत असायच्या, मी गेले की एकदम “या वर्षी पावटा काय न्हाई बाई चांगला.” अरे, मला पावट्याचं काय करायचंय? मला काय होणार आहे ते कुणीतरी सांगा ना! पण सांगणार कोण? बोललं की ओढवतं, अशी समजूत. मला मरायचं नव्हतं, आणि हे सांगायला सबंध गावात माणूस नव्हतं.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंना मी तपासायला गेले तेव्हा त्यांनीच सिस्टरबाईंचं घर सांगितलं. आबा, म्हणजे माझे वडील, बरोबर होते. ते बाहेर लिंबाखाली थांबले, मी आत गेले. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“गाव?”

“भांडगाव.”

“कळा लागतील तेव्हा जवळ कोण असणार?”

“आई.”

“मग आई कुठंय?”

“ती... ती यायची नाही.”

“मग तू पण येऊ नको. एकटीला मी शिकवत नाही. तू त्या वेळी सगळं विसरणार. लक्षात ठेवायचं काम दुसरीचं. जा, घेऊन ये.” आणि लागल्या स्टोव्हला पिन मारायला.

मला इतका राग आला! केवढा मोठा धीर करून गेले होते मी, आणि ही बाई स्टोव्हला पिन मारतेय. एसटीत आबांना म्हटलं, “मी पुन्हा त्या येड्या बाईकडं जाणार नाही.” आबा म्हणाले, “बाई येडीच हाय. पर बोलली ते खोटं न्हाई.”

घरी आईला सांगितलं. आई चुलीपुढं होती. तिनं मान न वळवता सांगितलं, “काय गरज न्हाई. असलं बोलू ने, ऐकू बी ने. देव हाय.” मी म्हटलं, “आई, देव तेव्हा पण होता.” घरात किती वर्षांनी कुणीतरी ‘तेव्हा’ म्हटलं होतं. आईचा हात थांबला. मग मला रडूच फुटलं. “आई, मला मरायचं न्हाई गं. मला लई भीती वाटती.” आई उठली आणि गोठ्यात निघून गेली. मी समजले, झालं, संपला विषय.

बुधवारी सकाळी बघते तर आई इरकली लुगडं नेसून दारात उभी. हातात पिशवी. “चल,” म्हणाली, “एसटी जाईल.”

आली खरी, पण बाकीच्यांच्या सोबतिणींसारखी आत बसली नाही. सिस्टरबाईंच्या उंबऱ्यावर आमच्याकडं पाठ करून बसली आणि पिशवीतनं मेथीची जुडी काढून निवडायला लागली. मला वाटलं आता शिट्टी वाजणार आणि आम्हा दोघींना बाहेर काढणार. पण बाईंनी नुसतं बघितलं आणि दार तेवढं उघडंच ठेवलं. पुढचे कितीतरी बुधवार आई तिथंच, तशीच, मेथी निवडत. दौंडहून आम्ही निवडलेली मेथी घेऊन घरी यायचो.

बाईंचं शिकवणं असलं होतं की दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर लोकांनी मारलं असतं. त्यांनी नवऱ्याची लोकरीची माकडटोपी आणली, तिच्यात एक नारळ घातला आणि टोपीचं तोंड आमच्यापुढं धरलं. “ही पिशवी. हे तिचं तोंड. हे पोराचं डोकं. बघा.” मग हळूहळू वरून दाब देत देत नारळ असा अलगद बाहेर काढला. आम्ही आपल्या थक्क. केडगाव जागी झाली. पाटसनं नारळाला हात लावून नमस्कार केला. उंबऱ्यावरनं आईचा आवाज आला, पाठमोराच. “नारळ देवाचा असतोय बाई. त्येचं असं करू ने.”

“पोरगं कुणाचं असतं मग?” सिस्टरबाई म्हणाल्या.

जरा वेळानं मी हळूच पाहिलं तर आईची मान तिरकी वळलेली होती.

हिरवी झेंडी कधी आणि लाल झेंडी कधी हे तर बाई इतक्या वेळा घोकून घ्यायच्या की आमच्या कुरकुंभला झोपेत लाल झेंडी दिसायची. रक्त गेलं, लाल. डोकं फुटायला आलं, डोळ्यापुढं अंधारी आली, लाल. पोराची हालचाल थांबली, लाल. “लाल दिसली की पंचांग बघायचं नाही. सासऱ्याला विचारायचं नाही. मोठी बाई येऊ दे, बघू, म्हणायचं नाही. गाडी आणायची आणि दवाखाना. समजलं? ओ भांडगावची आई, समजलं का?” आई मेथीत तोंड घालून म्हणायची, “मी कुठं ऐकतीया!”

आमच्या यांनाही बाईंनी सोडलं नाही. एका बुधवारी सुट्टी काढून हे निमोण्याहून मोटरसायकलवर मला बघायला आले आणि मोठ्या हौसेनं क्लासला सोडायला आले. बाईंनी त्यांना आत बोलावून घेतलं. ज्वारीची भरलेली पिशवी पोटाशी धरायला लावली, वरून जुनं पातळ गुंडाळून करकचून बांधलं. “आता स्टेशनावर जाऊन या. आणि वाटेत बुटाची नाडी सोडून परत बांधा.” हे माझ्याकडं बघतात, मी छताकडं. गेले बिचारे! क्वार्टर्समधली पोरं मागे लागली. परत आले तेव्हा घामानं निथळत होते. बाईंनी पातळ सोडलं आणि विचारलं, “कसं वाटलं?” हे म्हणाले, “सिस्टर, कंबर गेली.” “ही ज्वारी आहे. लाथा मारत नाही,” बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्या यांनी मला पाण्याची कळशी म्हणून उचलू दिली नाही. अजूनही देत नाहीत.

पण बाईंचं खरं वेड वेगळंच होतं. आमच्याकडं बाळंत होणाऱ्या बाईनं आवाज करायचा नसतो. आत खोलीत ती, बाहेर अंगणात सासरा, दीर, गावातली चार माणसं. पदराचा बोळा तोंडात धरायचा, पण आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. जिचा आवाज आला नाही ती शहाणी. पुढं कितीतरी वर्षं तिचं कौतुक चालतं. बाईंचा या शहाणपणावर भलता राग. “गप राहायचं तर दात आवळावे लागतात. वर आवळलं की खाली पण आवळतं. तोंड सैल सोडा, सगळं सैल होतं. ओरडा!” आता आम्ही खेड्यातल्या बायका, नवऱ्यापुढं शिंकताना पदर लावणाऱ्या. आम्ही काय ओरडणार? तोंडातनं ‘ऊं’ निघायचं फक्त. आणि भर दुपारी घरातून चार-पाच बायकांचा गळा निघाला तर दौंडची माणसं काठ्या घेऊन धावत आली असती. म्हणून बाईंनी तोड काढली होती. मालगाडी. लांबून धडधड ऐकू आली की बाई झेंडी घेऊन उभ्या. इंजिन घरासमोर आलं, पत्रे थरथरायला लागले, भांडी वाजायला लागली, की हिरवी झेंडी खाली. “आता!”

पहिल्यांदा मला हसूच आलं. दुसऱ्यांदा थोडा आवाज निघाला. मग एकदा अशी ओरडले, अशी ओरडले की माझी मीच घाबरले. छातीतलं काहीतरी मोकळं झालं. गाडी गेली, आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि पोटं धरून हसलो. कुरकुंभ म्हणाली, “सासूचं नाव घेऊन वराडलं तर चालंल का वो?” बाई म्हणाल्या, “डबे पुष्कळ आहेत. सगळ्यांची नावं घे.”

आणि मग तो बुधवार आला. लांबलचक कोळशाची मालगाडी होती. झेंडी पडली, आम्ही सुरू झालो. पण त्यात एक आवाज वेगळा होता. मागून, दारातून. मी वळून पाहिलं. आई उठून उभी होती, मेथी सगळी पायात सांडलेली, दोन्ही हात चौकटीला धरलेले, आणि ती लाईनीकडं तोंड करून ओरडत होती. “शकूऽऽ! शकेऽऽ!” शकू म्हणजे माझी आक्का. आम्ही गप झालो. शेवटचा डबा गेला, पत्रे थांबले, भांडी थांबली. आई थांबली नाही. त्या सगळ्या शांततेत एकटा तिचाच आवाज येत राहिला.

सिस्टरबाई तिला जवळ घ्यायला गेल्या नाहीत. पाणीसुद्धा दिलं नाही. बाकीच्या सगळ्यांना म्हणाल्या, “बाहेर चहा घ्या,” आणि स्वतः जाऊन आईसमोर उंबऱ्यावर बसल्या. आई दमली, खाली बसली. मी आत सतरंजीवर तशीच.

“काय झालं होतं?” बाईंनी विचारलं. तपासायला आलेल्या बाईला विचारावं तसं.

आई म्हणाली, “मी तिच्या तोंडावर हात ठिवला व्हता, बाई. बाहेर तिचा सासरा बसला व्हता. मी म्हणलं, शके, आवाज करू नगं. लोकं काय म्हणत्याल. तिनं मान हलिवली. मग तिनं केलाच न्हाई आवाज. शेवटपोतर न्हाई केला. मी मारली माझी पोर.”

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आबांनाही नव्हतं.

“पोरामागून वार पडली होती?”

“न्हाई. सुईण वढत व्हती.”

“रक्त?”

“गोधडी भिजली. दुसरी टाकली. ती बी भिजली.”

बाई मग म्हणाल्या, “ऐका. तुम्ही हात ठेवलात, ते चुकलं. ते मी बरोबर म्हणणार नाही. पण पोरगी त्यानं गेली नाही. वार अडकली आणि रक्त गेलं, म्हणून गेली. ती सगळ्या भांडगावाला ऐकू जाईल अशी ओरडली असती तरी त्या खोलीत ते रक्त थांबवणारं कुणी नव्हतं. हे दोन डबे वेगळे आहेत. तुम्ही इतकी वर्षं एकाला एक जोडून ओढताय. सोडा आता.”

आई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. “खरं सांगताय? का माझी समजूत काढताय?”

“मी कुणाची समजूत काढत नाही.”

तेवढ्यात खिडकीतून कुरकुंभचा आवाज आला, “न्हाई काढत वो, मावशी. खरंच न्हाई काढत. मला म्हणल्या, दोन हायती तर दुप्पट दुखंल.” आणि त्या असल्या वेळी आईला हसू आलं. रडता रडता, नाक पुसत हसली. सांडलेली मेथी आम्ही सगळ्यांनी मिळून गोळा केली. परत येताना एसटीत आईनं मला आक्काच्या लग्नातली एक गंमत सांगितली. आक्काचं नाव घेऊन. पाटस येईपर्यंत आम्ही दोघी आक्काबद्दलच बोलत होतो.

त्यानंतर आई आत सतरंजीवर बसायला लागली आणि प्रश्न विचारून विचारून तिनं सिस्टरबाईंना हैराण केलं. “ओ भांडगावची आई, गाडी पुढं जाऊ द्या की!” असं म्हणायची पाळी आली त्यांच्यावर.

माझे दिवस भरले. सकाळची कामं उरकत होती आणि माझ्या पोटात कळ आली. आईनं सगळं शिकल्याप्रमाणं केलं. मला चालवलं, पाणी पाजलं, आबांना जीप आणायला पिटाळलं. पण शेवटी ती आमची आई! क्लास तो क्लास आणि जुनं ते जुनं. बाळंतीण अडू नये म्हणून घरातल्या गाठी सोडतात, कुलपं उघडतात. आईनं ट्रंका उघडल्या, कपाट उघडलं, डब्यांची झाकणं काढली, माझी वेणी सोडली, वाळत घालायच्या दोरीची गाठ सोडली. आणि त्याच भरात गोठ्यात जाऊन म्हशीचं दावं सोडलं!

म्हैस निघाली ती थेट हायवेकडं. जीप दारात येऊन उभी, आणि आबा “आरं म्हस! म्हस!” करत तिच्या मागं. जीपवाला उतरून आबांच्या मागं. शेजारची दोन माणसं जीपवाल्याच्या मागं. मी जीपमधे बसलेली, एका कळेतून दुसऱ्या कळेत, आणि आई कपाळाला हात लावून उभी. मला इतकं हसू यायला लागलं की कळ कुठली आणि हसू कुठलं ते कळेना. आई म्हणाली, “हस, हस. तुझ्या त्या बाईला सांगू नगंस मातुर.”

म्हैस सापडेपर्यंत दारात निम्मी आळी जमली. मोठी कळ आली. मी, इतके बुधवार ओरडलेली मी, गप झाले. पुढं सगळी ओळखीची माणसं, चुलते, शेजारचे आजोबा. पदर आपोआप तोंडात गेला. आईनं तो माझ्या तोंडातून ओढून काढला आणि लोकांकडं वळली. माझी आई जन्मात चार माणसांपुढं मोठ्यानं बोलली नव्हती. ती म्हणाली, “माझी पोर आता वराडणार हाय. ज्यास्नी लाज वाटती त्यांनी आपल्या घरला जावा.”

कुणी हललं नाही. चुलते तेवढे तोंड फिरवून उभे राहिले. आणि मी भांडगावच्या भर आळीत, गाडी नाही घोडी नाही, ओरडले.

दौंडच्या दवाखान्यात मुलगी झाली. वार नीट पडली. आईनं नर्सला ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

सिस्टरबाई कुणाच्या बाळंतपणाला येत नसत. “मी स्टेशनवरची. मी गाडीत बसत नाही,” असं त्यांचं म्हणणं. काही वर्षांनी त्या नगरला भाचीकडं गेल्या असं कळलं. मी दौंडला गेले तेव्हा त्या घराला कुलूप होतं. पुढं मला त्या कुठं भेटल्या नाहीत. माझी मुलगी आज मोठी झाली, तिला मी हे सगळं सांगते. त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत, आणि आईवर माझ्यापेक्षा जास्त आहेत. उपकार म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं, पण आता त्या ऐकायला नाहीत, तर म्हणून घेते.

सव्वा महिना झाल्यावर मी आणि आई लेकीला घेऊन त्यांना भेटायला गेलो होतो. आईनं खण आणि साडी घेतली होती. सिस्टरबाईंनी बाळाकडं बघितलंसुद्धा नाही. मला बसवलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, टाके विचारले, जेवण विचारलं, झोप विचारली. इतक्या दिवसांत आलेलं प्रत्येक माणूस बाळाला बघून गेलं होतं, “कुणावर गेलीय,” म्हणून. तू कशी आहेस, हे त्यांनी एकट्यांनी विचारलं. मी म्हटलं, “बरी आहे.” आणि खरंच बरी होते.

मग त्या आईकडं वळल्या. आई साडी पुढं करून उभी होती. “ती ठेवा तिकडं,” बाई म्हणाल्या, “आणि इथं आडव्या व्हा.”

“मी? आन् ती कशापायी?”

“मी सांगते म्हणून.”

“दिसाचं कसं आडवं व्हायाचं बाई? आन् परक्या घरात?”

बाईंनी गादी अंथरली, उशी झटकली आणि बोटानं दाखवलं. आई माझ्याकडं बघून ओशाळं हसली, पदर सावरून अंग चोरून आडवी झाली. आक्का गेल्यापासून दुपारची पाठ टेकलेली आई मी बघितली नव्हती. बाईंनी तिच्या अंगावर चादर घातली, पायाशी नीट खोचली. आई म्हणाली, “जरा येळच हं. एसटी हाय...” आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिला झोप लागली. तोंड थोडं उघडं, हात गादीवर सैल पडलेला.

माझ्या मांडीवर लेक कुरकुरायला लागली. सिस्टरबाईंनी पटकन तिला उचललं, छातीशी धरलं आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं. दार हळूच ओढून घेतलं. लिंबाखाली त्या तिला थोपटत उभ्या राहिल्या. मी काहीतरी बोलायला लागले तर म्हणाल्या, “हळू बोल. बाळंतीण झोपलीय.”

मी म्हटलं, “मी तर जागी आहे की, सिस्टर.”

“तू नाही गं,” त्या म्हणाल्या. “ती.”

आमची एसटी गेली, नंतरचीही गेली. आम्ही आईला उठवलं नाही.